बशीतली गोळी

मंगळवारी भर दुपारी म्हसावदला एका मावशींच्या ओट्यावर मी चक्क नाचले! अजून पाय जमिनीवर नाहीत, म्हणून मावशींची परवानगी घेऊन, नाव-गाव-गल्ली न सांगता हे लिहून टाकते... बरं, गाव सांगून झालंच म्हणा.

सध्या आमचं सर्व्हेचं काम चालू आहे. घरोघर जाऊन मोठ्या माणसांना विचारायचं, दारू किती घेता आणि दुखण्याची औषधं डॉक्टरांना न विचारता घेता का. ओळख ना पाळख, आणि असले प्रश्न... लोक बसायला पाट देतात हेच नवल.

दारूचं जमत होतं. मोलगीकडच्या डोंगरातल्या गावांत तर कुणी काही लपवलंच नाही, लग्नात घेतो, होळीला घेतो, त्यात काय एवढं. इकडे सपाटीला मात्र सुरुवात "छे छे"ने आणि शेवट "कधीमधी"वर.

पण गोळ्यांच्या बाबतीत सगळा शुकशुकाट! बाई असो की माणूस, उत्तर एकच... नाही. ही चाचणीची फेरी होती आणि शुक्रवारी प्रश्न पक्के होणार होते. आमचे सर म्हणाले, इथे कुणी घेतच नाही तर तो भाग काढूनच टाकू.

मला ते पटेना. कारण माझी आई गुडघ्यांसाठी वर्षानुवर्षं असल्याच गोळ्या खात होती आणि मागच्या वर्षी ते किडनीवर आलं. डॉक्टरांनी चांगला दम भरला, यापुढे एकही गोळी नको म्हणून. माझी आई काही जगावेगळी नाही हो... मग बाकीच्या आया कुठे आहेत?

तर मंगळवार. मावशी कापूस वेचून नुकत्याच घरी आल्या होत्या, कंबरेवर हात ठेवूनच माझ्याशी बोलत होत्या. औषधाचं विचारल्यावर त्यांनाच हसू आलं. "औषध? मी काय आजारी शे का माय?"

संपलं. मी "नाही" लिहिलं. उन्हाने माझंच डोकं इतकं ठणकत होतं की मी कपाळ धरून तिथेच बसले. मावशींनी ते पाहिलं आणि त्या आत गेल्या.

चहा घेऊन आल्या. बशीत दोन बिस्किटं... आणि बिस्किटांच्या शेजारी एक पांढरी गोळी.

"धर, चहासंगे ले. घटकाभरमा डोकं उतरी जाई."

मी गोळीकडे बघतेय, मावशींकडे बघतेय. तुम्ही पण घेता का, म्हटलं.

"रोज लेस. तिनाबिगर मन्ही कंबर उठस नही."

अहो, पण आत्ताच तर नाही म्हणालात! तर मावशी माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जसं काही मलाच साधं कळत नाही. "हाई काय औषध शे? हाई ते दुखानी गोळी!"

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला! औषध म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं. ही गोळी तर चहा-साखरेच्या डब्यांशेजारी एका छोट्या डबीत राहते, आल्या-गेल्याला प्रेमाने देतात. कुणीही खोटं बोलत नव्हतं... आमचा प्रश्नच चुकला होता!

मी उठले आणि टाळ्या पिटत ओट्यावर गिरकी घेतली. मावशी घाबरल्याच. "माय व! गोळी लिधी बी नही आणि बरी व्हयनी का तू?"

मग मात्र त्यांनी डबीतलं पाकीट दाखवलं आणि माझं हसू थांबलं. आईच्या उशाशी असायचं तेच पाकीट, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळायलाच नको असं. काकांच्या, म्हणजे मावशींच्या नवऱ्याच्या, ऑपरेशनच्या वेळी लिहून दिलेलं... काका कधीच बरे झाले, गोळ्या मावशींकडे आल्या. रिकामं पाकीट दाखवलं की दुकानात नवं मिळतं म्हणे.

मी त्यांना आईचं सगळं सांगितलं. आमच्याकडे आरोग्य केंद्रात दाखवायची चिठ्ठी असते, ती दिली. मावशी त्या पाकिटावरून बोट फिरवत म्हणाल्या, मी जास दवाखानामा.

तिथूनच सरांना फोन लावला. दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीत फक्त प्रश्न बदलून गेलो... औषधाचं नावच नाही, अंग दुखल्यावरचं सरळ विचारायचं, "आंग दुखनं म्हंजे तुम्ही काय करतस?" आणि काय सांगू! घरोघर फळीवरच्या डब्या खाली उतरायला लागल्या. कुणी तर आम्हालाच पाकीट दाखवून विचारलं, हाई चांगली शे ना?

शुक्रवारी तो भाग कायम राहिला! सरांनी स्वतः नवा प्रश्न वाचून दाखवला. मी बाहेर येऊन आधी नंदुरबारला आईला फोन केला, सगळी कथा मीठमसाला लावून सांगितली. आई खूप हसली. लाडात येऊन मी तिलाही विचारलं, "आई, आंग दुखनं म्हंजे तू काय करस?"

आईने आवाज खाली आणला.

"...कधीमधी एक लेस. तू रागे नको भरू."

वर्षभर मी तिला दर फोनवर विचारत होते, "औषध बंद आहे ना?" आणि ती दर वेळी तिच्या हिशेबाने खरंच "हो" म्हणत होती... रागवायला तोंड उघडलं होतं, पण रडूच आलं.

रविवारी घरी गेले. मी काही शोधलं नाही, काही बोलले नाही. चहा झाल्यावर आईनेच फळीवरची डबी काढली आणि माझ्या हातात ठेवली. उद्या आम्ही दोघी डॉक्टरांकडे चाललोय.

मावशी, तुमच्या बशीतली ती गोळी मी तशीच ठेवून आले, पण लागू मात्र पडली हो... आमच्या घरी.