कापड्याच्या पोरीविरुद्ध आलेला अर्ज

त्या दुपारी आम्ही दोघं पडवीत मोड आलेले वाल सोलत बसलो होतो. बायको म्हणाली, "अहो, ती कापड्याची पोर आता शेवटच्या वर्षाला असंल, नाय?" मी म्हटलं, "असंल." संध्याकाळी बायकोच्या छातीत कळ आली आणि महाडच्या दवाखान्यात पोचायच्या आत ती गेली. म्हणून ही केस लिहितो. कागदावर तपास माझ्या नावावर हाय, पण सोडवली ती बायकोने.

मी सातवी शिकून शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार होऊन निवृत्त झालो. नोकरीच्या शेवटच्या वर्षी पोलादपूर ठाण्यात टपालाने एक निनावी अर्ज आला. कापडे गावातल्या एका पोरीने पुण्याच्या विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेला आपल्या जागी दुसरीला बसवलं, असा मजकूर. त्याचीच नक्कल विद्यापीठात गेली होती. तिथे प्रवेश फक्त त्या परीक्षेवर. त्यांनी पोरीला कळवलं, चार दिवसांत पोलिसांचा अहवाल आणा, नायतर जागा दुसऱ्याला.

महिला शिपायाला सोबत बसवून मी पोरीचा जबाब घेतला. मी सरळ विचारलं, "बारावीला बावन्न टक्के आणि ह्या परीक्षेत एवढी वर? कशी?"

ती रडली नाय. म्हणाली, "साहेब, बारावीच्या वेळी आई मुंबईला इस्पितळात होती. मी वॉर्डात खाली बसून वाचायचे. परीक्षा संपली नि आई गेली. मग दोन महिने पुस्तकाशिवाय काय करणार होते?"

दुसऱ्या दिवशी महाडच्या परीक्षा केंद्रावर गेलो. हजेरीपटावरची सही, अंगठा, कॅमेऱ्यातलं चित्र, सगळं तिचंच. पोर निर्दोष. पण अर्ज करणारा मोकळा राहिला तर तो उद्या दुसरा अर्ज धाडील, ही भीती होती. गावात वैरी कोण, ते विचारत फिरलो. कोणी सापडेना.

ठाण्यातला कागद घरी दाखवू नये असा नियम. मी जेवताना बायकोला अर्ज वाचून दाखवला. ती हात धुता धुता थांबली.

"शेवटचं परत वाचा."

मी वाचलं, "तिला पुण्याला धाडू नये. मेसचा भात तिला सोसत नाय, नाचणीची भाकरी लागते."

"अहो, हा कसला वैरी? वैऱ्याला तिच्या पोटाची काळजी कशाला? एवढी वर्षं खाकी घालून हे दिसलं नाय तुम्हाला?"

तिसऱ्या दिवशी पोरीच्या बापाला बोलावलं. चहा दिला. अर्जाचं नाव काढलं नाय. म्हटलं, "पोर पुण्याला जेवणार काय?"

"तेच ना साहेब. मेसचा भात तिला सोसत नाय, नाचणीची..."

तो तिथेच थांबला. मी अर्ज त्याच्यासमोर ठेवला. मग मात्र ओरडलो, "पोरीचं वाटोळं करायला निघालास? खोट्या तक्रारीपायी तुलाच आत टाकीन!"

"टाका," तो म्हणाला. "बायको गेली, आता ही चालली. घरात बोलायला कोण? एक म्हैस हाय, ती पण भाकड."

महिला शिपाई तोंड फिरवून हसली. मला हसू आलं नि राग पण राहिला. म्हटलं, "गुन्हा नोंदवत नाय. पण आज पोरीला तूच सांगायचं. मी सांगणार नाय." साहेबांना सगळं सांगून अहवालावर सही घेतली.

बारावीचे गुण बघून मी पण पोरीला आधी चोरच धरलं होतं. गुण कसल्या दिवसांत पडले ते विचारावं, हे तेव्हा शिकलो. बापाला मी मनात येडा म्हटलं होतं. आता सकाळी एका माणसाचा चहा टाकतो, तेव्हा त्याला येडा म्हणवत नाय.

चौथ्या दिवशी सकाळी, टपालाच्या भरवशावर न राहता, अहवाल घेऊन मीच पुण्याच्या गाडीला गेलो. बाप-लेक स्टँडवर उभी होती. दोघांचे डोळे सुजलेले. पोर बापाला सांगत होती, "परत काय लिवायचं असलं तर मला लिव. आणि खाली नाव घाल."

तो नुसता मान हलवत होता. गाडी लागली. पोर चढली, मी चढलो, बाप आपला खालीच. मी दारातून हात दिला नि त्याला वर ओढला.

"चल रे," म्हटलं, "पालकाची सही लागते."