मावशींच्या सहीचे तास

वृद्धाश्रमाच्या दारातल्या टेबलामागे मावशी सतरा वर्षं बसत होत्या. कॉलेजच्या प्रवेशासाठी सेवेचे तास लागू लागले, तशी मुलांची रीघ लागली आणि मावशींना भाव आला. प्रत्येकाने आल्या-गेल्याची वेळ वहीत लिहायची. महिनाअखेरीस मावशी पानभर एकदम सह्या ठोकायच्या.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी नखंवाली समोर येऊन उभी राहिली. दोन वर्षं दर रविवारी येऊन ती म्हाताऱ्यांचे पाय कोमट पाण्यात भिजवायची, नखं कापायची.

"मावशी, शंभर तासांचं पत्र हवंय. आजच द्यायचंय."

मावशींनी वही चाळली. "इथं सहाच दिसतायत."

"लिहायचं राहूनच जायचं. मी आले की आजोबा लोक पाय पुढे करून बसलेलेच असायचे."

"मग त्यांच्या पायांकडूनच पत्र घे की!"

नखंवाली हसली नाही. "तुम्ही बघितलंय ना मला?"

"बघून काय करू? वहीत नाही, तर झालंच नाही. तुला सूट दिली की उद्या सगळे माझ्या डोक्यावर बसतील."

ती "बरं" म्हणाली आणि आत गेली. रडायला गेली असेल, असं मावशींना वाटलं. जरा वेळाने त्या डोकावल्या. ती म्हाताऱ्या शिंप्याच्या पायाशी बसली होती.

"आज मधल्या वारी कशी गं?"

"आले सहज. हलू नका, आजोबा."

मावशी खुर्चीत येऊन बसल्या. वही उघडीच होती. त्यांच्या स्वतःच्या मुलीचं नाव त्यात पंचवीस वेळा होतं. ती आली होती तीनदा. आत वास येतो म्हणून टेबलाशीच मोबाइल बघत बसली होती. उरलेल्या बावीस ओळी मावशींनी घरी बसून भरल्या होत्या, तीन वेगवेगळ्या पेनांनी. पेन बदलायचं सुचलं तेव्हा स्वतःच्या हुशारीचं कौतुकही वाटलं होतं. आणि मघाशी नियम सांगताना आपला आवाज जरासुद्धा अडखळला नाही, हे आठवून त्यांना आता कानकोंडं झालं.

त्यांनी पत्र लिहिलं: दोन वर्षं, दर रविवार, वहीत नाही, पण मी पाहिलं आहे. सही करताना हात थांबला. ही सही आता कितीशी खरी? त्या पत्र घेऊन आत गेल्या आणि आपल्या सहीखाली शिंप्याची सही घेतली. मग आणखी आठ जणांच्या, कापऱ्या.

"मावशी, तुम्ही नसता तर माझं काही खरं नव्हतं!" नखंवाली म्हणाली. मावशींची मान वर होईना.

"बास, पोरी. पळ आता."

ती गेल्यावर त्यांनी मुलीला फोन लावला. "तुझं ते पत्र परत घे."

"आई, काहीतरीच काय! कालच पाठवलं. कोण तपासतंय?"

कोण तपासतंय. हे वाक्य तिला मावशींनीच दिलं होतं, पेनं बदलता बदलता. त्यांनी फोन ठेवला आणि कॉलेजचा नंबर फिरवला. कोणी उचलू नये, असं तिसऱ्या घंटीपर्यंत वाटत राहिलं.

"प्रवेश विभाग."

"एका मुलीच्या तासांबद्दल सांगायचंय. ते खोटे आहेत."

"आपण कोण?"

"सही माझी आहे," मावशी म्हणाल्या. "मुलगीही माझीच."