पावसाची ओढ आणि केबलची वढ

डब्यात पाण्याचा थेंब नव्हता. मी टॉर्च लावून पाहिलं, कडेनं बोट फिरवून पाहिलं. आत मुद्दाम ठेवलेला टीपकागदसुद्धा कोरडा ठणठणीत. तरीही अंबडकडच्या रस्त्यालगत पुरलेल्या आमच्या दहा डब्यांपैकी तीन बंद पडले होते, आणि शेठजी माझ्याकडे असे पाहत होते की जणू मीच जाऊन ते फोडून आले.

"मॅडम, पाणी नाही, तर मग मेले कशाने?"

"बघते," मी म्हणाले.

डबा म्हणजे काय, ते आधी सांगते. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि तालुक्यांच्या गावांना जोडणारी ऑप्टिकल फायबरची केबल आमच्या भागात पडत होती. फायबर म्हणजे केसाएवढी बारीक काचेची तार. तिच्यातून प्रकाश जातो आणि त्या प्रकाशावर बसून तुमचं-आमचं बोलणं जातं. केबलचं एक रीळ संपलं की पुढचं जोडावं लागतं. त्यासाठी काचेची दोन टोकं मशीनवर वितळवून एकमेकांना चिकटवतात. हा सांधा एका ट्रेमध्ये वेटोळं करून ठेवायचा, ट्रे प्लास्टिकच्या बंद डब्यात ठेवायचा आणि डबा खड्ड्यात पुरायचा. कागदोपत्री त्याचं नाव जॉइंट क्लोजर. आमच्या कारखान्यात शेठजींपासून सगळे त्याला डबाच म्हणायचे.

जालना एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात मी डिझाइन इंजिनिअर होते. तोवर आम्ही बादल्या आणि बियाणं कंपन्यांसाठी क्रेट बनवायचो. डबा करायचा हट्ट माझा. ड्रॉइंग मी काढलं, आणि त्याची डाय, म्हणजे पोलादी साचा, तयार होईपर्यंत टूलरूममध्ये मीच ठाण मांडून बसले. केबल टाकणाऱ्या ठेकेदाराने दहा डबे ट्रायलला घेतले. ते टिकले तर पुढचं सगळं काम आमच्याकडे येणार होतं. नाही टिकले, तर शेठजींनी निकाल आधीच सांगून ठेवला होता. आमच्या मागच्या भिंतीपलीकडे लोखंडाचं भंगार भट्टीत घालून सळया काढणारी री-रोलिंग मिल होती. तिथे दिवसभर भंगाराचे ट्रक येत.

"मॅडम, डाय पडून राहिली तर मी तिला भिंतीवरून पलीकडे देणार. बिलकुल विचार करणार नाही."

माझ्या टेबलावरून त्या मिलची चिमणी दिसायची. दोन वर्षांची मेहनत त्या भट्टीत जाणार, या विचाराने माझी जेवणावरची वासना उडाली होती. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी सगळ्यांवर खेकसते.

बंद पडलेल्या डब्यांची खबर फोनवर आली होती, ती साळवे मामांकडून. मामा ठेकेदाराकडे जॉइंटर होते, म्हणजे खड्ड्यात बसून काचेची टोकं जोडणारे. त्यांचा हात इतका स्थिर की आमच्या कारखान्यात त्यांच्याबद्दल आदराने बोललं जाई. फोन घेतला होता गुरुजींनी. गुरुजी निवृत्त मराठीचे शिक्षक. फोन, टपाल आणि गेटपास त्यांच्याकडे असे. आमच्या नोटीस बोर्डावरचे ऱ्हस्व-दीर्घ ते लाल पेनाने दुरुस्त करायचे. त्यांनी मोत्यासारख्या अक्षरात चिठ्ठी लिहून माझ्या टेबलावर ठेवली होती: 'पावसाने ओढ दिल्यामुळे तीन जॉइंट निकामी झाले आहेत. श्री. साळवे.'

जून संपत आला होता आणि पाऊस खरंच नव्हता. त्यामुळे चिठ्ठीत मला काहीच वावगं दिसलं नाही. पाऊस नाही म्हणजे ऊन, ऊन म्हणजे उष्णता. तिघांतला एक डबा खोदून कारखान्यात आणला होता, तो उघडल्यावर काच ट्रेच्या तोंडाशीच तुटलेली दिसत होती. मी हिशेब मांडला: जमीन तापली, ट्रे वाकला, ट्रे वाकला म्हणून काच तुटली. केबल डब्यातून थोडी सरकलेलीही दिसत होती, पण खड्ड्यातून काढताना ओढाताण झाली असेल, असं मीच ठरवून टाकलं. आता तो 'ओढाताण' शब्द आठवला की हसू येतं.

पुढचे दहा दिवस मी डबे ओव्हनमध्ये भाजले. मशीनवर काम करणाऱ्या शोभाताई रोज सकाळी विचारायच्या, "मॅडम, आज भाकरी टाकायच्या का वांगी भाजायची?" मी त्यांच्यावरही खेकसले. ट्रे काही केल्या वाकत नव्हता. तापमान वाढवलं, तरी वाकला नाही. शेवटी इतकं वाढवलं की डब्याला वास यायला लागला. जमीन एवढी तापली असती तर केबलच्या आधी पिकं आणि माणसं संपली असती.

शेठजी येऊन ओव्हनपाशी उभे राहिले. "मॅडम, शनिवारपर्यंत सांगा. नाही तर मी ठेकेदाराला नमस्कार करून टाकतो."

त्या दिवशी मी पहिल्यांदा शहाण्यासारखं वागले. शेअर जीप धरली आणि साइटवर गेले. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. पण ड्रॉइंग काढणाऱ्या माणसाला खड्ड्यात उतरण्यापेक्षा ओव्हन बरा वाटतो.

अंतरवाली सराटीच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला साळवे मामा खड्डा उकरून बसले होते. डोक्याला गमचा, शेजारी जोडणीच्या मशीनवर ताडपत्रीची सावली. मला पाहून ते उठले.

"या मॅडम. म्या म्हणलं, फोन करून पंध्रा दिस झाले, कोनीच कसं आलं न्हाई?"

"मामा, ऊन फार आहे, पाऊस नाही, हे मला कळलं होतं. त्याच्यावरच काम चाललंय."

"उन्हाचं काय त्याच्यात?"

"तुम्हीच सांगितलं ना, पावसाने ओढ दिली म्हणून जॉइंट गेले?"

मामांनी गमचा काढून तोंड पुसलं. "पावसाचं नावबी काढलं न्हाई म्या. म्या म्हणलं, वायरीला वढ बसून राह्यली. वढ!"



"तुमी जाफराबादच्या ना?" मामा म्हणाले. "तुमच्याकडं दोराला वढ बसत न्हाई का?"

माझ्या घरी ताणाला, ओढीला सगळे वढच म्हणतात. शाळेत जाईपर्यंत मीही तेच म्हणत होते. लाजेने कान गरम झाले, आणि त्याचा दोष मात्र उन्हाला देता आला नाही.

मामांनी मला शेतात नेलं. काळी जमीन सगळीकडून फाटली होती. एका भेगेत त्यांनी हात घातला, तो कोपरापर्यंत आत गेला. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते, हे मराठवाड्यात कुणालाही शिकवावं लागत नाही. मलाही माहीत होतं. फक्त ती आकसताना आपल्या पोटातली केबलही धरून ओढत असेल, हे मला टेबलावर बसून सुचलं नव्हतं.

"हे बघा," मामांनी खड्ड्यातला बंद पडलेला दुसरा डबा दाखवला. केबल तोंडातून चांगली दोन बोटं बाहेर सरकली होती. "जमीन हिकडं वढती, डबा हितंच ऱ्हातो. मंग मधी काच काय करंल?"

"मग बाकीचे सात का चालू आहेत?"

"ते मुरमात हायेत. मुरूम कुनाला वढत न्हाई."

सगळं उत्तर तिथेच मिळालं. केबलच्या मधोमध एक कडक दांडी असते. सगळा ताण तिने घ्यायचा, काचेवर येऊ द्यायचा नाही. डब्यात ती दांडी धरायला मी एक छोटा क्लॅम्प दिला होता, एका स्क्रूचा. माझं सगळं लक्ष पाण्यावर होतं. रबरी सील मी तीनदा बदललं, आणि क्लॅम्प एका दुपारी उरकून टाकला होता.

"स्क्रू मोठा करते," मी म्हणाले.

"मोठ्या स्क्रूनं दांडी चेपंल, मॅडम." मामांनी समोरच्या विहिरीकडे बोट दाखवलं. "त्या हिरीत मोटार सोडलीय. वायरीवर सोडती का कोनी? वजन दोरावर, वायर ढिली."

मी तिथेच बांधावर बसून वहीत रेघोट्या मारल्या. दांडी डब्याच्या प्लास्टिकने धरायचीच नाही. आत एक पोलादी पट्टी बसवायची, दोन्ही बाजूंच्या केबलच्या दांड्या तिच्यावर दोन-दोन ठिकाणी आवळायच्या. म्हणजे ताण एका केबलवरून पट्टीवर आणि पट्टीवरून दुसऱ्या केबलवर जाईल, आणि काच मधे निवांत ढिली बसेल. शिवाय खड्ड्यातही केबलचं एक सैल वेटोळं ठेवायचं. मामांनी वही हातात घेऊन पाहिली आणि म्हणाले, "हां, आता बराबर."

परतीच्या जीपमध्ये एकच काळजी होती. पट्टी बसवायला डब्याच्या आत चार ठोकळे लागणार होते. डायमधून लोखंड काढणं सोपं, पण चढवणं जवळजवळ अशक्य. मी डोळे मिटून साचा उलटा आठवला. डब्यात जिथे प्लास्टिक वाढवायचं, तिथे डायमधलं लोखंड कोरून कमी करायचं असतं. म्हणजे डाय वाचत होती! शेजारच्या माणसाने मला हसताना पाहून बाजूला सरकून घेतलं.

शेठजींनी ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "जल्दी करा." पट्टी मात्र त्यांनी स्वतः आणून दिली, भिंतीपलीकडच्या मिलमधून. माझी डाय तिकडे जायच्या ऐवजी तिकडचं लोखंड इकडे आलं, याचा मला फार आनंद झाला.

ओढून तपासायचं मशीन आमच्याकडे नव्हतं. आम्ही डाय उचलायच्या चेन-पुलीला केबल बांधली, खाली कोरलेल्या डायमधून निघालेला नवा डबा, त्याच्या खालच्या केबलला बियाण्याची पोती. शोभाताई एकेक पोतं वाढवायला सांगत गेल्या. दोन दिवस डबा तसाच लटकला. तिसऱ्या दिवशी मीटर लावलं, तर काचेतून प्रकाश आधीएवढाच येत होता. शोभाताई म्हणाल्या, "वांगी भाजण्यापेक्षा हे बरंय." या वेळी मी खेकसले नाही. त्यांच्यासाठी चहा मी स्वतः आणला.

गुरुजींशी बोलायचं राहिलं होतं. मी रागाने गेले आणि चिठ्ठी समोर ठेवली.

"गुरुजी, साळवे मामा असं म्हणाले होते?"

"नाही. पहिला शब्द फोनच्या खरखरीत गेला, पुढे ते म्हणाले, वढ बसून राह्यली. वाक्य अशुद्ध होतं, कर्ताही नव्हता. मी शुद्ध करून लिहिलं. त्या दिवसांत पाऊसच कर्ता असणार ना?"

इतक्या निरागसपणे म्हणाले, की माझा राग तिथेच विरघळला. शिवाय मीही तेच केलं होतं. त्यांनी वाक्य शुद्ध केलं, आणि मी सरकलेल्या केबलचं कारण. त्या दिवसापासून फोनजवळ एक पाटी लागली: 'जसं बोलले तसंच लिहा.' ती लिहिताना गुरुजींना किती यातना झाल्या, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

ठेकेदाराने काळ्या जमिनीतले तिन्ही डबे बदलले आणि ट्रायल पुढच्या उन्हाळ्यापर्यंत वाढवली. पुढच्या वर्षी मे महिन्यात जमीन पुन्हा फाटली. एका सकाळी टेबलावर चिठ्ठी होती. अक्षर तेच मोत्यासारखं, फक्त एका शब्दाखाली लाल पेनाची रेघ ओढता ओढता हात आवरल्याची खूण.

'वढ लई हाय. पर डबा हलला न्हाई. साळवे.'

डाय पुढे बरीच वर्षं चालली. ठेकेदाराला द्यायच्या फाईलमध्ये ड्रॉइंगच्या मागे टेस्ट रिपोर्ट लावायचा असतो. आमच्याकडे ओढ तपासायचं मशीन नव्हतं, त्यामुळे तसा रिपोर्टही नव्हता. मी तिथे ती चिठ्ठी लावली, न सुधारता.