लांब बसायची जागा

भाऊ जहाजावर नोकरीला होता. एका सुट्टीत त्याने टीव्हीला जोडून खेळायची पेटी आणली आणि परत जाताना ती माझ्याकडेच ठेवून गेला. मी तेव्हा आमच्या बेटावरल्या गुडलँड्सच्या एका स्वेटर कारखान्यात कामाला होते. घरात आम्ही दोघीच, आई आणि मी. संध्याकाळी परतले की मी खेळायला बसायचे. पण आमचा काळा-पांढरा टीव्ही इतका लहान, की पडद्यावरचा चेंडू दिसायला नाक काचेला लावावं लागे. शेवटी आईच म्हणाली, मोठा घेऊ या.

दुकानात मी थेट सगळ्यात मोठ्या रंगीत टीव्हीपाशी जाऊन उभी राहिले. दुकानदाराने आधी विचारलं, खोली केवढी आहे. मग समजावून सांगितलं, की पडदा लहान असो की मोठा, चित्राच्या आडव्या रेघा तेवढ्याच असतात. मोठ्यावर त्या नुसत्या जाड दिसतात, म्हणून लांब बसावं लागतं. लहान खोलीला मधला बरा. मला ते कळलं होतं. पण दुकानात शिरताना लांबून मोठ्या पडद्यावरचं चित्र फार देखणं दिसलं होतं.

"आमची खोली मोठी आहे," मी म्हणाले.

आईने माझ्याकडे पाहिलं आणि पिशवीतून पैसे काढले.

घरी आणल्यावर व्हायचं तेच झालं. खुर्चीतून बघावं तर पळणारा माणूस दिसेना, नुसते ठोकळे दिसायचे, आणि थोड्या वेळाने डोळे चुरचुरायचे. मागे सरकायचं तर खिडकीपाशी आईचं शिवणाचं मशीन. गावातल्या लग्नांची पोलकी ती तिथल्या उजेडात शिवायची. मी काही म्हणायच्या आत तीच म्हणाली, "मशीन लावारांगवर ठेव. बाहेर मला जरा हवा लागेल."

आम्ही दोघींनी ते उचलून पडवीत नेलं.

हिवाळ्यात तिथे उसावरून बोचरा वारा येतो. आत माझा खेळ रंगायचा. एकदा तिला जेवायला बोलवायला बाहेर गेले, तर ती डोक्यावरून शाल घेऊन बसली होती. सुई डोळ्यांपासून कधी लांब धरत होती, कधी जवळ. दोरा काही ओवला जात नव्हता. मी ओवून दिला. जेवण झालं आणि मी पुन्हा खेळायला बसले. ती पुन्हा बाहेर गेली.

त्या रविवारी मात्र राहवेना. मोठा टीव्ही तेर रूजच्या मावशीकडे पोचवला, तिचा लहान आणला आणि मशीन खिडकीशी आणून ठेवलं. "पा फेर नार्यें, असू दे गं," आई म्हणाली, "माझं काय बिघडलं होतं?"

पण मशीनला विजेची मोटर होती. लहान टीव्ही आता त्याच्या शेजारीच होता, त्यामुळे ती फिरली की पडद्यावर पांढरे ठिपके नाचायचे. हे माझ्या आधी आईच्या लक्षात आलं. मी बसले की ती पॅडलवरून पाय काढून घ्यायची, हातातलं पोलकं मांडीवर ठेवून माझा खेळ बघत राहायची. का थांबलीस म्हणून विचारलं, तर म्हणायची, दमले जरा. मी ते खरं धरलं. तेच सोयीचं होतं.

लग्न होऊन मी प्लेन मान्येनला सासरी गेले. पुढे माहेरी आले तेव्हा शेजारीण सहज बोलून गेली, की तू गेल्यापासून तुझ्या आईकडून पोलकी अगदी वेळेवर मिळतात.