मुहूर्ताच्या आधीची केस

"मॅडम, तिथलं टेबल रिकामं आहे ना? मग पाठवतोच," म्हणून सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फोन ठेवला. मी तेव्हा डहाणूतल्या एका खासगी नर्सिंग होममध्ये मुहूर्ताची वाट बघत बसले होते.

मी भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशन सर्जन करतो. पेशंटला बधिर करायचं आणि काम चालू असेपर्यंत तिचा श्वास, नाडी, बीपी सांभाळायचं, ते माझ्याकडे. डहाणू-तलासरी भागात आम्ही मोजकेच. सरकारी दवाखान्यात ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर आहे, सर्जन आहे, सिस्टर आहेत, फक्त भूलतज्ज्ञाची जागा रिकामी. तिथे मला कॉलवर बोलावतात. मी दुसरीकडे अडकलेली असले की अडलेल्या बाईला अ‍ॅम्ब्युलन्समध्ये घालून वलसाडला, म्हणजे थेट दुसऱ्या राज्यात पाठवतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, त्यातलाच प्रकार.

आता मुहूर्ताची केस म्हणजे काय, ते सांगते. सिझर आधीपासून ठरलेलं असलं की तारीख डॉक्टर देतो आणि वेळ ज्योतिषी. त्या दिवशीची पेशंट हेतल, घोलवडच्या चिकूच्या वाडीवाल्यांची सून. बाळ पायाळू, म्हणून सिझर. वेळ दुपारची निघाली होती. तिचे सासरे जयंतीकाका सकाळपासूनच सगळा गोतावळा घेऊन हजर होते. ओटीच्या उंबऱ्यावर कुंकवाचा साथिया, म्हणजे स्वस्तिक काढून त्यावर नारळही ठेवला होता. नर्सिंग होमचे मालक आणि सर्जन पराग सर म्हणाले, "काढू दे गं, आपलं काय जातंय?" मलाही तेव्हा तसंच वाटलं.

फोन होता तो रमिलासाठी. रानशेतच्या पलीकडच्या पाड्यावरची. पहिलं बाळ सिझरचं. या वेळी कळा जोरात होत्या, पण बाळ खाली सरकत नव्हतं आणि जुन्या शिवणीच्या जागी दुखायला लागलं होतं. पोटावरची नव्हे, आतल्या गर्भपिशवीवरची शिवण. कळांनी ती ताणली जाते. दुखायला लागली म्हणजे उसवायच्या बेतात आहे असं समजायचं. उसवली तर बाळ जातं आणि आईही जाऊ शकते. अशा बाईला वलसाडपर्यंत नेणं म्हणजे देवावर हवाला ठेवणं. म्हणून मी म्हटलं होतं, इकडेच पाठवा. पराग सरही म्हणाले, "घेऊ. मुहूर्ताच्या आधी उरकेल."

स्ट्रेचर ओटीच्या दाराशी आलं. मागे रमिलाची आई, हातात कपड्यांचं बोचकं. आणि पुढ्यात जयंतीकाका उभे.

"ही कोण?"

"इमर्जन्सी आहे काका. आधी हिला घ्यावं लागेल."

"अरे, पण ओटी आमच्यासाठी ठेवली ने? साथिया केलाय, नारळ ठेवलाय. त्याच्यावरनं दुसऱ्या बाईला नेणार? ती पण अशी अडलेली?"

"काका, लगेच होईल," सर म्हणाले.

"आणि मग ओटी साफ करायला वेळ नाही लागणार? मुहूर्त निघून जाईल सर. तुम्ही हो म्हटलं म्हणून आम्ही इथे आलो."

सरांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हळूच म्हणाले, "काय करू या? वलसाडला...?"

काका दुष्ट माणूस नव्हे. नातवंडासाठी जीव टाकत होते, एवढंच. मी त्यांची समजूत काढायला लागले. शिवण म्हणजे काय, ती कशी ताणते, उसवली तर काय होतं, सगळं अगदी वर्गात शिकवावं तसं सांगितलं. शेवटी म्हटलं, "दोन जिवांचा प्रश्न आहे काका."

"आमचे पण दोनच जीव आहेत मॅडम."

माझं डोकं तापलं. मी आवाज चढवला. "काका, ही बाई इथे दारात मेली ना, तर तुमच्या नातवंडाचा जन्म मयताच्या दारात होईल. मग काय करायचाय तो मुहूर्त?"

काकांनी स्वतः वाकून नारळ उचलला, पायानेच साथिया पुसला आणि भिंतीला चिकटून उभे राहिले. "न्या न्या, लवकर न्या."

बाईचा जीव चालला आहे, हे सांगून जे झालं नव्हतं ते अपशकुनाच्या भीतीने चुटकीसरशी झालं. खोटं कशाला बोलू, स्ट्रेचर आत ढकलताना मी स्वतःवर खूश होते.

आत गेल्यावर मी रमिलाला बसवलं. मणक्यात इंजेक्शन देताना पाठ मांजरीसारखी वाकवावी लागते. कळा सोसत तसं वाकणं सोपं नसतं, पण तिने हूं की चूं केलं नाही. कमरेखाली बधिर झाल्यावर छातीपाशी पडदा लावला. पडद्यापलीकडे सरांनी काम सुरू केलं. अलीकडे तिच्या उशाशी मी. या भुलीत पेशंट पूर्ण जागी असते. तिची नजर वरच्या दिव्यावर खिळलेली.

"बाय," ती हळूच म्हणाली, "मी मरनार काय?"

"छे गं. कोण म्हणालं?"

"तुमीच. भायेर. त्या शेठला सांगत होत्या."

बाहेर ती आमच्या दोघांच्या मधोमध आडवी होती. आम्ही तिच्या अंगावरून बोलत होतो, दुकानातल्या गिऱ्हाइकांनी काउंटरवरून बोलावं तसे. तिची शिवण उसवायला आली आहे, हे मी काकांना फोड करून सांगितलं होतं. तिला कोणीच काही सांगितलं नव्हतं. मीही नाही.

"अगं, ते त्यांना घाबरवायला म्हटलं," मी म्हणाले.

"मंग मी पन घाबरले."

मी तिचा हात धरला. आणखी काय करणार होते? त्या क्षणी मला माझी इतकी लाज वाटली, की पडदा मध्ये आहे याचंच बरं वाटलं. सरांना माझं तोंड दिसत नव्हतं.

तेवढ्यात बाळ रडलं. मुलगी. शिवण कागदासारखी पातळ झाली होती, आतून बाळाचे केस दिसत होते, असं सर म्हणाले. वलसाडचा विषय कोणीच काढला नाही.

हेतलचं सिझर संध्याकाळी, बिनमुहूर्ताचं झालं. बाळ ठणठणीत. काकांनी पेढे वाटले. रमिलाच्या आईपुढेही पुडा धरला. तिने बोचकं खाली ठेवलं, दोन्ही हात जोडले आणि म्हणाली, "शेठ, लय उपकार झाले. तुमी जागा दिली."

पेढा तसाच पुढे धरून काका उभे राहिले. मी तिथून निघून चेंजिंग रूममध्ये गेले. ती बाई माझेही आभार मानेल, अशी मला धास्ती होती.

तेव्हापासून मी एक शिस्त पाळते. पेशंट आधी आत, समजूत नंतर. आणि जे सांगायचं ते पहिल्यांदा पेशंटला, मग तिच्या माणसांना. मुहूर्तवाल्यांना शेवटी. हे काही मोठं शहाणपण नाही, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळावं.

सरकारी दवाखान्यातली जागा अजून रिकामीच आहे. आता आठवड्यातले दोन दिवस मी तिथे जाते. बाकीचे दिवस बायका कळा थांबवून धरतील, असं बहुधा कोणीतरी गृहीत धरलं आहे.