डाव्या बाजूचं मागचं दार

नमस्कार मंडळी. या सदराची मी आजवर फक्त वाचक होते, आणि खरं सांगायचं तर चुका काढणारी वाचक. कोणाचा अनुभव वाचला की माझ्या डोक्यात यादी सुरू व्हायची. झोप झाली होती का, ताप होता का, कोणती गोळी चालू होती का... बहुतेकांचं उत्तर तिसऱ्या-चौथ्या प्रश्नातच सापडायचं. अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत एका इंजिनिअरिंग कंपनीचं स्टोअर मी बावीस वर्षं सांभाळते. तिथे एक वॉशर कमी भरला तरी तो का कमी भरला, हे मला सांगता येतं. पुढे जे लिहिते आहे ते मला सांगता येत नाही, म्हणून इथे आले.

आमची राखाडी रंगाची हॅचबॅक आहे, आठ वर्षं जुनी. तिची बरीचशी कामं मी स्वतः करते. ऑइल आणि फिल्टर बदलणं, ब्रेक पॅड, वायपर, बॅटरीचे टर्मिनल साफ करणं. मागचे पार्किंग सेन्सरही मीच बसवले. मोबाइलवर व्हिडिओ बघायचा, पायऱ्या कागदावर लिहून घ्यायच्या आणि एकेक खोडत जायचं. सोसायटीतले लोक आधी गॅलरीतून मजा बघायचे, आता बॅटरी उतरली की माझीच बेल वाजवतात. सुहास, म्हणजे माझे मिस्टर, बँकेत आहेत. गाडीच्या कामात ते टॉर्च धरतात आणि चहा करतात.

आम्ही बदलापूर पूर्वेला, कात्रपला राहतो. दोन वर्षांपासून माझी आई आमच्याकडे आहे. वय अठ्ठ्याहत्तर. मूळची इथल्याच एका गावातली, शेतावर राबलेली बाई. आता तिला विसरण्याचा आजार आहे. मला कधी ओळखते, कधी ‘बाई, तू कोणाची?’ म्हणते. पडून खुब्याचं ऑपरेशन झालं, त्यामुळे सोमवार-बुधवार-शुक्रवार सकाळी अकराला उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये फिजिओथेरपीला न्यावं लागतं. त्यासाठी मी कंपनीत दुसरी पाळी मागून घेतली.

आईची जागा मागे, डावीकडे. पुढे बसवलं की ती गिअरवर हात ठेवते. मागे उजवीकडे बसवलं तर दार रस्त्याच्या मधोमध उघडणार. म्हणून डावीकडे, पट्टा लावून.

बदलापूरहून अंबरनाथकडे जाताना रस्त्याला लागून ट्रक तोलायचा एक बंद पडलेला वजनकाटा आहे. गंजलेला पत्रा, एक सिमेंटचा बाक आणि पलीकडे चहाची टपरी. फेब्रुवारीतल्या एका सोमवारी, सकाळी साडेदहाच्या उन्हात, आम्ही तिथून जात असताना डॅशबोर्डवर दाराचा लाल दिवा लागला. मागे बघते तर आईने दार उघडलं होतं आणि पट्ट्यात अडकून ती बाहेर वाकली होती. ट्रॅफिक होता म्हणून गाडीला वेग नव्हता. मी कडेला घेतली.

“आई, काय करतेस?”

“ती उभी हाय.”

“कोण?”

“तुला नाय म्हाईत.”

बाकावर कोणी नव्हतं. मी दार लावलं आणि चाइल्ड लॉक टाकलं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. मागच्या दाराच्या कडेला एक छोटी खुंटी असते. ती खाली केली की आतलं हँडल कितीही ओढलं तरी दार उघडत नाही, बाहेरूनच उघडावं लागतं. आणि दार उघडं असल्याशिवाय त्या खुंटीला हात लावता येत नाही. लहान मुलांसाठी केलेली सोय आहे. मला वाटलं, विषय संपला.

बुधवारी त्याच जागी लाल दिवा लागला. खुंटी वर होती.

“विसरलीस तू,” सुहास रात्री जेवताना म्हणाले. “आमच्या लिस्टबाई विसरल्या. कॅलेंडरवर नोंद करा कोणीतरी.”

“मी विसरत नाही.”

“मग खुंटी विसरली असेल.”

मी वाद घातला नाही. निघण्याआधीच्या यादीत एक ओळ वाढवली. टायरची हवा, आईच्या गोळ्या, पाण्याची बाटली, आणि ‘खुंटी खाली, फोटो’. शुक्रवारी दार लावायच्या आधी मी खुंटीचा फोटो काढला. फोटोत ती खाली आहे, वेळ दहा वाजून आठ मिनिटं. वजनकाट्याशी दार उघडलं तेव्हा दुसरा फोटो काढला. खुंटी वर, वेळ दहा एकोणतीस. दोन्ही फोटो सुहासच्या पुढ्यात ठेवले. त्यांनी दोन्ही फोटो मोठे करून पुन्हा पुन्हा पाहिले.

मी चहाच्या टपरीवर चौकशी केली. इथे कधी अपघात झाला का, कोणी बाई वगैरे...

“नाय मॅडम. ड्रायव्हर लोकांची भांडणं सोडून इथं कधी काय झालं नाय. काटा बंद पडला, तीपण संपली.”

म्हणजे तेही नाही. पुढच्या सोमवारी रस्ता बदलून पाहिला, बदलापूर पश्चिमेकडून वळसा घालून. दार उघडलं नाही, पण आई सगळा वेळ रडत होती. लहान मुलासारखं नाही, मोठ्या माणसासारखं, आवाज न करता. त्या दिवशी तिने व्यायाम केला नाही आणि संध्याकाळी जेवलीही नाही. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की पाय हलते ठेवले नाहीत तर आई अंथरुणाला खिळेल. वळसा बंद केला. दारच पक्कं करायचं ठरवलं.

दाराचं लॅच, म्हणजे ज्यात चाइल्ड लॉक असतं तो अख्खा भाग, मी कॅम्पातल्या स्पेअर पार्टच्या दुकानातून नवीन आणला. दुकानदार सत्तरीचे सिंधी काका आहेत, मी त्यांची जुनी गिऱ्हाईक.

“पूरा लॅच? हुआ क्या है?”

“चाइल्ड लॉक अपने आप खुलता है, काका.”

“बच्चा कितने साल का है?”

“अठहत्तर.”

ते हसले, मग चष्मा काढून पुसला. “मेरी माँ भी ऐसी थी. चलती रिक्शा से उतरती थी. बोलती थी, सिंध आ गया.” त्यांनी काउंटरवर लॅच धरलं, खुंटी खाली करून स्क्रू ड्रायव्हरने दहा-बारा वेळा आतून ओढून दाखवलं. “देखो. ये खुद से नहीं खुलेगा. कोई खोलेगा तो ही खुलेगा.”

रविवारी दुपारी पार्किंगमध्ये दाराचं आतलं पॅड उतरवलं आणि लॅच बदललं. सोमवारी, वजनकाट्याशी, दार उघडलं. या वेळी आईने पट्टाही सोडलेला होता. मी ब्रेक दाबून मागे हात टाकला तेव्हा तिचा एक पाय बाहेर होता. मागून सिमेंटचा मिक्सर येत होता. तो हॉर्न वाजवत बाजूने गेला आणि त्याच्या वाऱ्याने आईचा पदर उडाला. एवढंच. पण त्यानंतर मी कंपनीत फोन करून सांगितलं की आज येत नाही. बावीस वर्षांत असं दुसऱ्यांदा.

आता एकच उपाय उरला होता. आतलं हँडल आणि लॅच एका केबलने जोडलेलं असतं. ती केबलच काढून टाकायची. मग हँडल म्हणजे नुसतं प्लास्टिक. मंगळवारी सकाळी पुन्हा पॅड उतरवलं, केबल दोन्ही टोकांनी सोडवली, पिशवीत घालून वर चिठ्ठी लावली आणि घरात कपाटात ठेवली. सुहासना मागे बसवून दार लावलं.

“उघडा.”

त्यांनी हँडल ओढलं. ते लुळं हललं. “कैदी हजर आहे. आग लागली तर?”

“उजवं दार चालू आहे.”

“सगळं ठरलेलंच असतं तुझं.” मग काचेतून माझ्याकडे बघून म्हणाले, “उद्या मी रजा टाकतो. मागे आईंच्या शेजारी बसतो.”

बुधवारी ते आईच्या उजवीकडे बसले. चाइल्ड लॉक खाली होतं, फोटो काढला होता. केबल घरी कपाटात होती. सेंट्रल लॉक मी स्वतः दाबलं होतं, म्हणजे बाहेरूनही दार उघडणार नव्हतं. सुहासनी आईचे दोन्ही हात आपल्या हातात धरले होते. आई त्यांना विचारत होती, “जावईबापू, तुमच्याकडं पाऊस झाला का औंदा?” आणि ते सांगत होते, “झाला, चांगला झाला.” मार्च महिना होता.

वजनकाटा आला. मी मुद्दाम तिसाच्या वेगाने चालले होते, थांबायचं नाही असं ठरवून.

टक.

लाल दिवा लागला. मी आरशात पाहिलं. दार उघडत होतं. याआधी आई ढकलायची तेव्हा ते धाडकन जायचं, आज सावकाश जात होतं. ज्यांनी चालत्या गाडीचं दार कधी उघडून पाहिलं असेल त्यांना कळेल, बिजागऱ्या पुढे असल्याने समोरचा वारा दार बंद करायला बघतो. हे दार वाऱ्याविरुद्ध पूर्ण उघडलं आणि तसंच राहिलं. आईचे हात सुहासच्या हातात होते. हे त्यांनी नंतर मला शपथेवर सांगितलं, पण मीही आरशात पाहिलं होतं.

मी गाडी थांबवली. का थांबवली ते माहीत नाही. ठरवलं होतं थांबायचं नाही.

आई बाहेर गेली नाही. तिने बाहेर पाहिलंही नाही. ती सुहासच्या बाजूला सरकली, अगदी त्यांना चिकटून, आणि म्हणाली, “सरका जरा जावईबापू. तिला बसू द्या.”

सुहास सरकले. सासूबाई सरका म्हणाल्या म्हणून सरकले, बाकी काही सुचलं नाही, असं ते आजही म्हणतात. मग दार लागलं. आपटलं नाही. आत बसलेलं माणूस ओढून घेतं तसं लागलं. मागची सीट हलल्याचं मला पाठीला जाणवलं.

“चला आता,” आई म्हणाली.

कॅम्प पाचपर्यंत मी गाडी तिसाच्या वर नेली नाही. मी इतके दिवस आई बाहेर जाऊ नये म्हणून दार बंद करत होते. आईला कोणी बाहेर बोलावतच नव्हतं.

त्या दिवसानंतर दार एकदाही उघडलं नाही. केबल मी परत जोडली नाही, तरी जोडून काही झालं असतं असं मला वाटत नाही. आई शांत आहे. जेवते, व्यायाम करते, वजनकाट्याकडे मान वळवत नाही. आता मधोमध बसते, कितीही सांगा. डावीकडची जागा रिकामी ठेवते आणि तिकडे हळू आवाजात बोलत असते. गावातल्या विहिरीचं, कोणाच्या लग्नाचं, कधी नुसतं “हं, हं” करत ऐकत राहते.

मग स्पीड ब्रेकरवर मागचं डावं मडफ्लॅप घासायला लागलं. टायरची हवा बरोबर होती, स्प्रिंग ठीक होती. मी टेप घेऊन मोजलं. गाडी रिकामी असताना दोन्ही मागची चाकं सारखी, मडगार्डच्या कडेपासून जमीन पासष्ट सेंटिमीटर. आई मधोमध बसली की उजवीकडे चौसष्ट आणि डावीकडे साठ. आई बेचाळीस किलोची आहे. तुलनेसाठी एका रविवारी डाव्या जागेवर पन्नास किलोची सिमेंटची गोणी ठेवून पाहिली. डावी बाजू जेमतेम दोन सेंटिमीटर खाली आली. पुढचं गणित मी केलं नाही.

सुहास म्हणतात गाडी विकून टाकू. विकली तर दुसऱ्या गाडीतही आई मधोमध बसणार नाही कशावरून? शिवाय जो घेईल त्याला काय सांगायचं? मी स्वतः कोणा भगताच्या किंवा ज्योतिषाच्या दाराशी याचं कारण विचारायला गेले नाही, कारण कोणी कारण सांगितलंच तर ते मला पटणार नाही आणि न पटूनही ऐकावं लागेल. तुमच्यापैकी कोणाला गाडीतलं काही सुचत असेल, लॅच, वायरिंग, सस्पेन्शन, काहीही, तर जरूर लिहा. मी प्रत्येक गोष्ट तपासून पाहीन. मला अजून तरी काही सापडलेलं नाही.

मागच्या शुक्रवारी अंबरनाथला सिग्नलला थांबलो होतो. मागून आईने मला नावाने हाक मारली, “वैशू.” कितीतरी महिन्यांनी. आवाज पूर्वीसारखा, स्वच्छ. अशी संधी परत येईल न येईल म्हणून मी विचारून घेतलं.

“आई, तिला जायचंय कुठे?”

“तिला कुठं जायचंय? माझ्यासाठी आलीया ती.”

“मग उतरणार कधी?”

“मी उतरेन तवा.” मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, लहानपणी समजवायची तशी म्हणाली, “तू सावकाश चालव. तिला घाई नाय.”

सिग्नल सुटला. मागचे हॉर्न वाजवायला लागले. मला पहिला गिअर टाकायला बराच वेळ लागला.