माय मदर एपिटमाइझेस

"आई आली ना? पहिल्या रांगेत बसव. लोकांना दिसली पाहिजे," सर म्हणाले. आईच्या केसांत सूत अडकलेलं. मी काढायला गेले तर म्हणाले, "राहू दे. तसंच बरं दिसतं."

तेव्हाच निघून जायला हवं होतं. गेले नाही.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. कोल्हापुरातला इंग्लिश बोलायला शिकवणारा क्लास. मी इचलकरंजीहून एसटीनं यायची. आई यंत्रमागाच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरायची. क्लासच्या कार्यक्रमाला हॉलभर डॉक्टर-वकिलांची पोरं, त्यांचे आईबाप. माझं भाषण सरांनीच लिहून दिलेलं. त्यात एक वाक्य. 'माय मदर एपिटमाइझेस इग्नोरन्स.'

क्रियापद मी डिक्शनरीत बघितलं होतं. एखाद्या गोष्टीचा मूर्तिमंत नमुना असणं. म्हणजे अडाणीपणा बघायचा असेल तर माझ्या आईकडं बघा.

"सर, हे काढू का?"

"अगं, त्याच्यावरच तर टाळ्या आहेत."

कार्यक्रमात मी ते वाक्य म्हटलं. उच्चारसुद्धा चुकला नाही. माणसं आईकडं वळून हसली. टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात आईच्या.

एसटीत ती म्हणाली, "मदर म्हणालीस न्हवं? माझंच नाव घेतलंस की गं! फुडं काय म्हणालीस?"

"तू लई कष्ट केलंस, असं."

शेडमधल्या सगळ्या बायकांना तिनं ते सांगितलं.

पुढच्या बॅचच्या कार्यक्रमासाठी सरांनी मला भर वर्गात फर्मावलं. तेच भाषण, आईला घेऊन ये.

"ते वाक्य मी म्हणणार न्हाय."

"एक क्रियापद आहे गं. एवढं काय त्यात?"

"मग तुमच्या आईला लावा."

"तुमच्या लोकांना वर काढायला जावं तर..." सर बोलत होते. मी पुस्तकं उचलली आणि बाहेर पडले.

घरी येऊन आईला खरा अर्थ सांगितला. ती भाकरी थापत होती. हात थांबला.

"बोलताना ठावं हुतं तुला?"

"व्हय."

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मग बोलायला लागली, पण त्या दिवसाचा विषय परत कधी काढला नाही. मीही माफी मागितली नाही. कुठल्या तोंडानं मागणार?

सरांना शिव्या घालणं सोपं आहे. वाक्य त्यांचं होतं. तोंड माझं होतं.

आज मी इंग्रजीवरच पोट भरते. पण जे आईसमोर, तिला कळेल अशा मराठीत म्हणायची हिंमत नाही, ते मी कुठल्याच भाषेत म्हणणार नाही. कुणीही लिहून देऊ दे.